आठबोट्यांची गंमत

आठबोटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण कारखान्यात नवा आलेला माणूस हटकून विचारायचाच, "आठबोटे? कुठलं हो हे आडनाव?" मग सगळे फिदीफिदी हसायचे, आठबोटे उजवा हात वर करून उरलेली तीन बोटं हलवून दाखवायचे आणि नव्या माणसाचा चेहरा पडायचा. दुसऱ्या दिवशी तोही हसायला मोकळा. खरं आडनाव एका कारकुनाला तेवढं ठाऊक होतं, तेही पगाराच्या दिवसापुरतं.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. पत्र्याचं छप्पर, खळीचा आंबूस वास, आणि मधोमध पंचिंगची मशीन. तिचा लोखंडी जबडा उघडतो आणि मिटतो, दिवसभर तेवढंच काम. उघडला की एका हाताने कापलेला पुठ्ठा ओढून घ्यायचा, दुसऱ्या हाताने कोरा सरकवायचा, आणि मिटायच्या आत दोन्ही हात बाहेर. हातांना ती लय एकदा पाठ झाली की माणूस डोळे मिटूनही काम करील. फक्त त्याला मध्येच कोणी दचकवू नये.

आठबोट्यांना दचकवलं त्यांच्या मेहुण्याने. बायकोचा धाकटा भाऊ, रिकामटेकडा, आठबोट्यांनीच मालकांच्या हातापाया पडून कामाला चिकटवलेला. तो मागून चवड्यांवर आला, बरगडीत बोट खुपसलं आणि ओरडला, "भॉक!" जबडा मिटला. रक्त बघून कोणी फडकं शोधत होतं, कोणी पाणी. हा दीडशहाणा काय म्हणाला असेल? "अहो दाजी, मी गंमत केली!"

फडक्याआधी, पाण्याआधी तो शब्द आला. खरं तर किती लाडका शब्द आपला! लेकरासमोर मूठ धरायची, म्हणायचं, "सांग बघू, यात काय गंमत आहे?" आठबोटे स्वतः रोज संध्याकाळी कातरणांतून केलेली काडेपेटीएवढी खोकी लेकीसाठी घरी न्यायचे. "डोळे मिट, गंमत आणलीय." तोच शब्द एखाद्याचा हात चिरडून वर फुंकर म्हणून घालायचा, आणि ज्याचा हात गेला त्याने तो गोड मानून घ्यायचा. नाही मानला तर तो कुजकट, त्याला विनोदाचं अंग नाही.

दवाखान्यात बायको उशाशी बसून रडली. थोडं नवऱ्यासाठी, बरंचसं भावासाठी. "त्याची नोकरी जाईल हो. अजाण आहे, गंमत करायला गेला." संध्याकाळी मालक आले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. आठबोटे म्हणाले, "माझाच हात चुकला." मालकांना हेच हवं होतं. ते लगेच उठले.

पुढे मेहुण्याने त्याचीही गोष्ट केली. चहाच्या सुट्टीत रंगवून सांगायचा: "गंमत म्हणजे, दाजींची बोटं गेली कुठं ते सापडेचना! ती गेली खोक्यात, आणि खोकं गेलं साबणवाल्याकडे. आठ दिवसांनी त्याचा निरोप, माल पोचला, दोन नग जादा आलेत, परत पाठवू का?" हसून हसून लोकांच्या कपातला चहा सांडायचा. आणि आठबोटे? तेही हसायचे. मान खाली, खांदे हलताहेत, डोळे कोरडे. नाही हसले असते तर खरं बोलावं लागलं असतं. हळूहळू साबणवाल्याचा निरोप तेच सांगायला लागले, आणि मेहुण्यापेक्षा छान सांगायचे. लेक ती गोष्ट ऐकत वाढली. शाळेत वर्गापुढे हावभावांसकट सांगून तिने टाळ्या मिळवल्या होत्या.

मेहुणा चढत चढत सुपरवायझर झाला. आठबोटे तारेचे टाके मारायच्या मशीनवर गेले. आणि लेक मोठी होऊन त्याच कारखान्यात आली, त्याच पंचिंगवर. नको नको म्हटलं तरी ऐकेना. "बाबा, मला येतं ते. बघा तरी!" खरोखरच येत होतं. हात असे चालायचे की आठबोटे टाका मारायचा विसरून बघत राहायचे.

त्या दिवशीही ते बघत होते. तेवढ्यात त्यांना तिच्या मागे मेहुणा दिसला. चवड्यांवर. गालातल्या गालात हसत.

ओरडावं कसं? ओरडलं तर तीच दचकणार. ते धावले. पुठ्ठ्यांच्या थप्प्या ढकलत, तारेच्या रिळांना अडखळत धावले. पोचायच्या आधीच आवाज आला.

"भॉक!"

जबडा मिटला. पुठ्ठा अर्धा आत फाटून अडकला. हात बाहेर होते. दोन्ही. आठबोट्यांनी बोटं डोळ्यांनी मोजली, मग पुन्हा मोजली. पोरीच्या तोंडावर रक्ताचा थेंब उरला नव्हता. मामा पोट धरून हसत होता. "अगं वेडे, मी आहे मी! गंमत केली! बापासारखीच भित्री बघा!"

आणि पोरगी हसली. मान खाली, खांदे हलताहेत, डोळे कोरडे.

ते हसू बघून आठबोट्यांच्या मस्तकात तिडीक गेली. मेहुण्याचा राग जुना होता, मुरलेला होता. हा नवा होता. आपण इतकी वर्षं हात वर करकरून पोरीला नेमकं हेच शिकवलं, हे त्यांना दिसलं. ते भिंतीकडे गेले आणि त्यांनी मुख्य खटका खाली ओढला. सगळ्या मशीन एकदम थांबल्या. चाळीस माणसं वळून बघायला लागली.

"काय झालं दाजी?" मेहुणा म्हणाला. "गंमत कळत नाही का तुम्हाला?"

"नाही कळत. समजावून सांग."

"आता त्यात काय समजवायचं?"

"ती काम करत होती. तू मागून आलास. पुढं?"

"पुढं काय, दचकली."

"मग?"

"मग हसलो सगळे. दाजी, काय लावलंय हे..."

"आणि हात आत राहिला असता तर? तेव्हा कुठल्या वाक्याला हसायचं होतं, तेवढं सांग. आम्ही तयारीत राहतो."

मेहुण्याने आजूबाजूला पाहिलं. एरवी हसणारे सगळे चपला बघत होते. तेवढ्यात मालक केबिनमधून धावत आले. "मशीन कोणी बंद केल्या?"

"काही नाही साहेब," मेहुणा घाईघाईने म्हणाला, "आमची घरातलीच गंमत."

मालक आठबोट्यांकडे वळले. "काय झालं?"

तोच प्रश्न, तोच आवाज. आठबोट्यांना बायकोचा रडवेला चेहरा दिसला. आज घरी काय वाढून ठेवलंय तेही दिसलं.

"माझा हात चुकला नव्हता, मालक," ते म्हणाले. "यानं मागून येऊन दचकवलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो. आज यानं माझ्या पोरीला दचकवलं. हा इथं राहणार असेल तर आम्ही दोघं चाललो."

मालक जरासं हसले. "अहो, इतक्या वर्षांनी? तुम्हीच तर मजेत सांगायचात. ते साबणवाल्याचं..."

"साबणवाला गेला खड्ड्यात!" आठबोटे असे गरजले की पत्रा घुमला. "दोन बोटं गेली माझी! माझी! त्यात काय मजा आहे?"

"उद्या बघू," मालक पुटपुटले. आठबोट्यांनी पोरीच्या अंगावरचा ॲप्रन स्वतः सोडला, थंड पडलेल्या मशीनवर टाकला, आणि तिला घेऊन ते बाहेर पडले.

दोघं घराच्या रस्त्याला लागले.

"आई काय म्हणेल?"

"म्हणू दे. आज मी ऐकणार नाही."

मग ती थांबली. "बाबा, तुम्हाला तेव्हा खूप दुखलं होतं का हो?"

हे त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. हसण्याच्या गोष्टीत कोण विचारतं? सवयीने त्यांचा हात वर गेला, तीन बोटं हललीही. मग त्यांनी हात खाली घेतला.

"खूप," ते म्हणाले. "रात्र रात्र ओरडायचो. आणि तू रांगत येऊन पायाला बिलगायचीस, तर तुला उचलता यायचं नाही."

लेकीने त्यांचा तो हात धरला. घर येईपर्यंत दोघांपैकी कोणीच हसलं नाही.