हात कानाला पोहोचेपर्यंत

माझ्या मुलीचा हात कानाला पोहोचला नाही, म्हणून आम्हाला शाळा शोधत फिरावं लागलं. नाहीतर शाळा निवडायची असते हे आम्हाला कुठं माहीत होतं? गल्लीच्या टोकाला मुन्शिपालटीची शाळा होती. पोर सहा वर्षांचं झालं की तिथं नेऊन बसवायचं, एवढंच.

त्या काळी औरंगाबादेत आमच्यासारख्यांकडं जन्माचे दाखले नसायचे. हेडमास्तर पोराला समोर उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. बोटं कानाला टेकली की पोर सहा वर्षांचं. नाही टेकली की पुढच्या वर्षी या.

मी आणि शेजारची आपा, दोघी आपापल्या मुली घेऊन गेलो. आपाचा नवरा छावणीत शिंपीकाम करायचा. माझे मालक एसटीत कंडक्टर. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. यांच्या मालकीचं एसटीचं तिकीटसुद्धा नव्हतं. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती आणि मुलींना तीही दिसत नव्हती. सकाळी एक उठली की दुसरीच्या अंथरुणात जाऊन बसायची.

आपाच्या मुलीनं हात टाकला तो कान धरून पार पिळलाच. माझीचा हात डोक्यावर जाऊन अडकला. बुटकी, हात आखूड, माझ्यावर गेलेली. तिनं जीभ बाहेर काढली, एक डोळा मिटला, तरी बोटं कानाच्या वर केसांतच.

"पुढच्या वर्षी आणा," हेडमास्तर म्हणाले.

"मास्तर, शिकायचं हातानं का डोक्यानं?"

"बाई, नियम आहे."

"मग काय बुटक्यांनी शिकूच नये?"

आपानं मला कोपरानं ढोसलं. "भाभी, चुप बैठो ना. मेरी का नाम तो लिखने दो पैले."

मुलगी रडली नाही. चिडली. "मग माझा कान वर घ्या," हेडमास्तरांना म्हणाली.

एक वर्ष थांबायला माझी ना नव्हती. पण घरात सासू होती. तिला मी आत्याबाई म्हणायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती आमच्या गावाहून, पिशोरहून आली होती. एका डोळ्यावर पट्टी, वर हिरवं फडकं, आणि दुसऱ्या डोळ्याला माणूस कोणतं आणि रांजण कोणता हे कळत नव्हतं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "बरं झालं. वरीसभर हितं काय करणार पोरगी? माझा डोळा उघडला की नेते संगं. शेळ्या हाईत, धाकल्याची लेकरं हाईत, सांभाळंल."

माझी नणंदही अशीच एका वर्षासाठी शाळेतून घरी बसली होती. ती अजून अंगठा उठवत होती आणि तिचीच पोरं तिला हसत होती. मी ठरवलं, आत्याबाईंची पट्टी सुटायच्या आत पोरीचं नाव कुठल्यातरी शाळेत लागलं पाहिजे. कुठल्याही. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघू." दिवसभर लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणणारा माणूस, आई आणि बायको भांडायला लागल्या की स्वतः जागचा हलायचा नाही.

पहिली शाळा पोरीनं स्वतःच शोधली. आपाची मुलगी पहाटे मशिदीशेजारच्या मदरशात अरबी शिकायला जायची. माझी डोक्याला धुतलेलं फडकं गुंडाळून तिच्या मागं जायला लागली आणि उंबऱ्यावर बसून सगळ्यांच्या वरच्या आवाजात म्हणायला लागली. तेच घरी येऊन चुलीपुढं.

"ही काय बडबडती गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"अलीफ, बे, ते."

"अगं बया! पोरगी मुसलमान हुईल!"

"आत्याबाई, मी बी हेच शिकले. झाले का?"

खरंच तेच शिकले होते. मी शाळेत गेले तेव्हा निजामाचं राज्य होतं, मास्तर उर्दूतून शिकवायचे. दुसरी झाली आणि पोलीस ॲक्शन झाली. मग मराठीचे मास्तर आले आणि मला पुन्हा पहिल्यापासून ग, म, भ, न. चौथीपर्यंत शिकले म्हणते, पण ते असं दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं.

आत्याबाईंनी थोडा विचार केला. "मुसलमान न्हाई झालीस," म्हणाल्या, "पण भांडकुदळ झालीस."

मौलवीसाहेबांनीच आपाकडून निरोप पाठवला. लडकी तेज है, बैठने दो, पण इथं गणित नाही, भूगोल नाही, शाळेचा दाखलाही मिळणार नाही. माणूस सरळ होता. तिथून पुढं गेलो.

दुसरी शाळा छावणीतली, सिस्टरांची. तिथल्या मुलींचे फ्रॉक आपाचा नवरा शिवायचा, त्यानं शब्द टाकला. मालकांनी खाकी कपड्यांना इस्त्री केली, तिकिटांची पेटी तेवढी घरी ठेवली. सिस्टर दक्षिणेकडच्या होत्या. मराठी बोलायच्या, पण प्रत्येक शब्द आधी धुऊन पुसून मग बाहेर काढल्यासारखा.

"आई किती शिकली?"

"चौथी. दोन वर्षं उर्दू, दोन वर्षं मराठी."

"इंग्लिश?"

"त्यांचं राज्य आमच्याकडं आलंच नाही."

मालकांनी माझ्या पायावर पाय दिला.

"मग घरी अभ्यास कोण घेणार?"

"घरी बी आम्हीच घ्यायचा, तर तुम्ही शाळेत काय घेता?"

आता दुसरा पाय. पण सिस्टर तोंडावर हात ठेवून हसल्या. मुलगी चांगली आहे म्हणाल्या, घेऊ, पण यंदा जागा भरल्या. पुढच्या जूनला या. म्हणजे पुन्हा पुढचं वर्षच.

आम्ही बोलत होतो तेव्हा पोरगी वर्गाच्या दारात उभी होती. आत सगळी मुलं ओठांवर बोट ठेवून बसलेली. तिला वाटलं, या शाळेत हेच शिकवतात. तिनंही बोट ठेवलं ते घरापर्यंत काढलं नाही. आत्याबाईंनी चार प्रश्न विचारले, उत्तर नाही.

"ही शाळा बेस हाय," आत्याबाई म्हणाल्या. "इतकं गप लेकरू मी उभ्या जन्मात पाह्यलं न्हाई."

भाकरी वाढल्यावर बोट निघालं.

तिसरी शाळा मालकांनी आणली. ते पैठणच्या रस्त्यावर गाडीला असायचे. चितेगावच्या पुढं खादीतलं एक जोडपं रोज त्यांच्या गाडीतून उतरायचं. त्यांनी तिथं लिंबाच्या झाडांखाली शाळा काढली होती. घंटा नाही, परीक्षा नाही, आणि मुख्य म्हणजे कानही धरायला लावत नाहीत. कधीही या, कुणालाही घेतो. मला वाटलं, सुटले. आत्याबाई म्हणाल्या, मला बी न्या, घरात पडून अंग आंबलं. नेलं. ती माझी चूक.

गेलो तर पोरं वांग्याच्या रोपांना पाणी घालत होती. एक शेळीचं दूध काढत होता. एक जण झाडाच्या फांदीला नुसताच लोंबकळत होता आणि त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. माझी पोरगी चिखलात शिरली ती दिसेनाशी झाली. गुरुजी समजावून सांगायला लागले, "आमच्याकडं मूल कामातून शिकतं."

"गुरुजी, तसं असतं तर माझी सासू आज कॉलेजात शिकवायला असती."

गुरुजी हसले. आत्याबाईंचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्या वास घेत होत्या. "शेळ्या किती हाईत वो तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"पाच आहेत, आजी."

"माझ्याकडं सात हाईत."

परतीच्या गाडीत त्यांनी सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल असं विचारलं, "मंग पिशोर काय वाईट? तिथं दोन शेळ्या जास्तच हाईत." मालक तिकिटं फाडता फाडता इतके हसले की एकाला दोनदा तिकीट दिलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. मीच आत्याबाईंना हाताला धरून नेलं होतं आणि शाळेनं त्यांचीच बाजू घेतली होती.

गुरुजींचं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. ज्या पोरांनी शेळी पाहिली नाही त्यांना ती शाळा चांगली. आमच्या पोरीला शेळी जन्मापासून माहीत होती. तिला फळा पाहिजे होता. आता माझी नात तिच्या मुलासाठी शाळा बघत फिरते आणि फोन करून विचारते, कुठली घेऊ? मी सांगते, घरात जे नाही ते जिथं मिळेल तिथं घाल. ती म्हणते, आजी, इतकं सोपं नसतं. नसेल.

त्या शाळेतून पोरगी एक गोष्ट मात्र शिकून आली. लोंबकळणाऱ्या पोरानं तिला सांगितलं होतं की फांदीला लटकलं की हात लांब होतो. घरी आल्यापासून ती अंगणातल्या पेरूला लटकायला लागली. आपाची मुलगी शाळेतून आली की तीही लटकायची. त्यावरून दोघींचं भांडण.

"तू उतर! तुझा हाय की लांब!"

"मेरेकू भी मजा आता!"

लटकून कंटाळा आला की दोघी आजीची शाळा घ्यायच्या. आपाची मुलगी बाई व्हायची, माझी हेडमास्तर. पहिल्या दिवशी आत्याबाईंना डोक्यावरून हात नेऊन कान धरायला लावला. त्यांचा हात कानाखाली पार गालापर्यंत गेला.

"आजीला घेतलं," माझ्या मुलीनं जाहीर केलं.

आजीला दिसत नाही म्हणून त्यांनी तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायला सुरुवात केली. आपाची मुलगी त्या दिवशी वर्गात जे शिकून यायची ते आधी आजीच्या हातावर, मग माझ्या मुलीच्या पाटीवर. ग झाला, म झाला.

"गुदगुल्या करता व्हय गं, मेल्यांनो," आत्याबाई ओरडायच्या. हात मागं घ्यायच्या नाहीत.

एकदा आपाच्या मुलीनं अलीफ काढला. "ही तर नुसती काडी हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"हौ आजी, येइच अलीफ है."

"मंग ह्याला शाळा कशाला पायजे? काडी मला बी काढता येती." आणि त्यांनी तिच्या तळहातावर काडी ओढून दाखवली. मी गहू निवडत होते. मान वर केली नाही. केली असती तर त्यांनी लगेच बंद केलं असतं.

पट्टी सुटली. डॉक्टरांनी जाड भिंगांचा चष्मा दिला. दुसऱ्या दिवशी कन्नडच्या गाडीनं पिशोरला निघायचं ठरलं. आत्याबाईंनी बोचकं बांधलं, त्यात पोरीचे दोन फ्रॉकही बांधले. सकाळी पोरीची वेणी घातली आणि तिला घेऊन शाळेत निघाले. मागून चपलांचा आवाज आला.

"थांब, मी बी येते," आत्याबाई म्हणाल्या. "चष्म्यातनं कान कसा दिसतो बघू दे."

हेडमास्तरांनी आम्हाला पाहून कपाळाला हात लावला. "बाई, एवढ्यात हात वाढतो का?"

"बघा तर खरं."

पोरीनं हात डोक्यावरून टाकला. पहिलीच्या वर्गाच्या खिडकीतून आपाची मुलगी ओरडली, "गर्दन टेढी कर!" पोरीनं मान वाकडी केली आणि कान गपकन धरला.

"मान सरळ," हेडमास्तर म्हणाले.

मान सरळ झाली, बोटं वर सरकली. मी डोळे फाडून बघत होते. कानाच्या कडेला टेकतात न टेकतात अशी. माझ्या मते ज्वारीच्या दाण्याएवढी फट होती. हेडमास्तर वाकले. त्यांच्या आधी आत्याबाई वाकल्या. चष्मा पोरीच्या कानाला टेकेपर्यंत नेला. पोरीनं श्वास धरला होता.

"लागला," आत्याबाई म्हणाल्या.

"आजी, नीट बघा."

"मास्तर, कालच डोळा उघडलाय माझा. सरकारच्या डाक्टरनं उघडलाय. त्यात खोट काढता व्हय?"

हेडमास्तरांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग खुर्चीत बसून टाक उचलला. खिडकीतून आपाच्या मुलीनं अशी किंकाळी मारली की तिच्या बाईंनी तिला ओढून खाली बसवलं. माझीनं नाव सांगायचीही वाट पाहिली नाही, ती वर्गात पळाली.

रस्त्यात मी विचारलं, "आत्याबाई, खरंच लागला होता?"

"मला काय ठावं? मला अजून केसं आन कान एकच दिसतंय." चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, "लई बोलती पोरगी. पिशोरला नेली तर शेळ्या पळून जातील माझ्या."

घरी येऊन त्यांनी स्वतः बोचकं सोडलं, दोन्ही फ्रॉक काढून माझ्यापुढं टाकले आणि पुन्हा गाठ मारली.

दुपारी शाळा सुटल्यावर दोन्ही मुलींना घेऊन आम्ही स्टँडवर गेलो. आपाही आली, वाटेत खायला शिरकुर्म्याचा डबा घेऊन. ईद नव्हती, काही नव्हतं. मालकांनी ओळखीच्या कंडक्टरला सांगून आत्याबाईंना खिडकीची जागा मिळवून दिली. गाडी सुरू झाली. आत्याबाईंनी आमच्याकडं पाहिलं, उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान गच्च धरला. मुली खालून ओरडल्या, "आजी पास! आजी पास!"

गाडी वळेपर्यंत आत्याबाईंनी कान सोडला नाही. शेजारच्या बाईला वाटलं, म्हातारीचं डोकं दुखतंय. ती पिशवीतून बामची बाटली काढताना मला दिसली.