हादऱ्यावर झोपणारा मामा

भूकंपात गाढ झोपणारा आणि भूकंप थांबला की दचकून उठणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो माझा सख्खा मामा आहे. यात अतिशयोक्ती नाही. असलीच तर ती मामाने केलेली आहे. मी फक्त पोचवतोय.

मामा लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. त्याची चाळ गिरणीच्या भिंतीला अशी खेटून होती, की तिकडे साचे सुरू झाले की इकडे मामीच्या फळीवरची पितळी भांडी आपापसात गप्पा मारू लागत. पाळण्याला झोका द्यावा लागत नसे. आमटीच्या वाटीत कायम बारीक लाटा. माझी मामेबहीण बेबी बरीच मोठी होईपर्यंत आमटी अशीच असते असं समजत होती. मामा तर तळपायांनी ऐकायचा. पाळी संपवून घरी जेवायला बसला, की हातातला घास थांबवून सांगायचा, "तिसऱ्या रांगेतलो कोपऱ्यावरचो साचो बंद पडलो." मी एकदा पैजेवर गेटपर्यंत जाऊन चौकशी करून आलो. साचा खरंच बंद होता, पण चौथ्या रांगेतला. मामा शांतपणे म्हणाला, "पाय धुवलेले नव्हते. एका रांगेचो फरक पडतलोच."

मग संप झाला. मैदानातल्या सभेत सगळ्यांनी हात वर केले, मामाने तर दोन्ही केले. भोंगा थांबला, साचे थांबले, चाळीखालची जमीन गप्प झाली, आणि इतरांची नुसती नोकरी गेली तिथे मामाची झोपही गेली. गिरणी पुन्हा उघडलीच नाही; नोकरीची आशा त्याने काही वर्षांनी सोडली, झोपेची मात्र सोडली नाही. पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर दुपारभर भिंतीला पाठ लावून बसायचा आणि भुतासारखा पांढरा होऊन घरी यायचा. मामी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आता तुमचीच भाकरी थापू काय?" घर चालवायला मामीने शिलाई मशीन घेतलं होतं; चाळीतल्या अर्ध्या बायकांचे परकर त्यावर शिवले गेले. मामाने एकदाच त्या मशीनच्या पायांना तळपाय लावून पाहिले आणि तोंड वाकडं केलं. "ह्येका काय हादरो म्हणतत? डास बसलो तर ह्याच्यापेक्षा जास्त हालता."

पुढे गिरणीच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला. बेबी लग्न होऊन अमेरिकेत, ओक्लाहोमा नावाच्या सपाट राज्यात गेली आणि तिने आईबापांना बोलावून घेतलं. पहिल्याच दुपारी जेवणं झाली आणि कपाटातल्या बशा खडखडायला लागल्या. बेबी ओरडली, मामी टेबलाखाली शिरली. "अवो, उठा! घर पडता!"

"घर पडणा नाय गो," मामा सोफ्यावर पाय पसरत म्हणाला, "पाळी सुरू झाली." आणि घोरायला लागला. संपानंतर पहिल्यांदाच.

त्या भागात जमिनीतून तेल काढतात, त्याबरोबर खारट, घाण पाणी वर येतं. ते ठेवायचं कुठे, म्हणून पुन्हा खोल विहिरी मारून पंपाने पाताळात ढकलतात. तिथे दोन कातळ एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. मध्ये पाण्याचा दाब वाढला की पकड सुटते, कातळ सरकतात आणि वर बशा नाचतात. बेबीने हे समजावलं तेव्हा मामाने विचारलं, "पंप तीन पाळ्यांत चालता?" चालतो म्हटल्यावर त्याने समाधानाने कूस बदलली. फोनवर मला म्हणाला, "भाच्या, इथली जमीन जिती आहा रे!"

पण बापलेकीच्या वाट्याला मिळून झोप एकच होती. मामा घोरायचा आणि बेबी पळायच्या तयारीने पायात बूट घालून टक्क जागी. स्वयंपाकघराच्या भिंतीला छतापासून ओट्यापर्यंत भेग गेली होती. एके दिवशी चहा गाळता गाळता ती उभ्या उभ्याच रडायला लागली. मामा त्या दिवशी झोपला नाही.

त्या रविवारी वस्तीतल्या लोकांची सभा होती. पंप बंद करा असा अर्ज द्यायचा की नाही, यावर हात वर करायचे होते. मागच्या रांगेत पंपावरचे चौघे कामगार टोप्या मांडीवर घेऊन बसले होते. मामाने बेबीला विचारलं, "ह्येंका दुसरा काम देतले?" बेबीने ते इंग्रजीत विचारलं. सभा चालवणारा हात मोजायला उभा राहिला.

"बंद करूक सोपा असता गो," मामा म्हणाला. "उघडूक मगे कोण येणा नाय." मग त्याने बेबीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हात वर केला. या वेळी एकच, आणि सावकाश. पाहुण्याचा हात त्यांनी मोजला की नाही, देव जाणे. सभा संपल्यावर तो त्या चौघांपाशी गेला. भाषा येत नव्हती, म्हणून प्रत्येकाच्या खांद्यावर नुसता हात ठेवून आला.

पुढे पाणी ढकलणं बरंच कमी झालं, आणि हळूहळू हादरेही. मामाचा फोन आला. "बेबी झोपता आता."

"आणि तू?"

"मी जमिनीक पाय लावून बघतंय."

मामा-मामी लालबागला परत आली. परवा दुपारी मी गेलो, तर दार नुसतं लोटलेलं. मामा भुईवर चटईवर पसरलेला, तळपाय मशीनच्या पायांना टेकलेले, आणि मामी मान खाली घालून जोरजोरात मशीन मारत होती. मी म्हटलं, "मामी, एवढी घाई कसली? ऑर्डर आलीय वाटतं?"

"हळू बोल," ती पुटपुटली. पाय तिने थांबवला नाही.

मी वाकून पाहिलं. सुईखाली कापडच नव्हतं.