गोपाळरावांवरचा संशय

हे आजवर माझ्या ओठांबाहेर गेलेलं नाही. आणि मी कोण? रिक्षावाल्यालासुद्धा घरातली भांडणं रंगवून सांगणारी बाई! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सासर-माहेर दोन्हीकडे एकमत आहे. तरी ही एक गोष्ट राहिली — कशी राहिली, माझं मलाच नवल वाटतं.

आम्ही तेव्हा चेन्नईला, आवडी नावाच्या उपनगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये. हे रणगाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. दोन हजार दोनची संक्रांत. सीमेवर सैन्य जमलेलं, आणि दुरुस्तीसाठी यांची तुकडी रणगाड्यांबरोबर रेल्वेने जायची होती. कुठे, कधी — घरीही बोलायचं नाही, असा हुकूम. हे एवढंच म्हणाले, "टूर आहे. लोकरीचे कपडे काढून ठेव."

आता सांगा, चेन्नईत नवरा लोकरीचे कपडे मागतो, तो कुठे निघालाय हे कळायला बायकोला हेरखातं लागतं का? दिवस तेवढा कळायचा होता. तो मी दाराआडून यांच्या फोनवरच्या बोलण्यातून उचलला. गुरुवार.

मग अण्णानगरला मराठी बायकांचं हळदीकुंकू. एकीचा जावई अमेरिकेला निघालेला, सगळ्या तिच्याभोवती. मला कोण विचारतंय? मी वाण हातात घेऊन म्हणाले, "आमचे हे गुरुवारी रणगाडे घेऊन सीमेवर निघालेत. कुणाकडे लोकरीचे मोजे आहेत का हो?"

मोज्यांचे चार जोड मिळाले. सगळ्या माझ्याभोवती आल्या. खोटं कशाला बोलू — फार बरं वाटलं.

बुधवारी जाणं थांबलं. निघायचा दिवस बाहेर फुटला होता. बातमी फिरत फिरत कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कानावर गेली. निघाली कुठून, ते कुणालाच सांगता येईना. आमच्या इमारतीत सगळे एकमेकांकडे चोरून बघू लागले. इस्त्रीवाला जरा रेंगाळला तरी दारं बंद. फोनवर पलीकडे कुणी श्वास धरून ऐकतंय असं वाटायचं. आणि गंमत बघा, सगळ्यांत जास्त संशय घेत होते मी! अण्णानगरची कोण माझं नाव सांगेल? ती जावईवाली?

आमच्या इमारतीत दिवस ठाऊक असलेली माणसं दोन-तीनच. त्यांतले एक गोपाळराव — तुकडीच्या जाण्याचा हुकूम टाइप करणारे क्लार्क, आमच्या खालच्याच मजल्यावर राहायचे. तंजावरचे मराठी, घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं जुनं मराठी बोलायचे आणि मला अक्का म्हणायचे.

जेवताना यांनी विचारलं, "तू कुठे बोलली नाहीस ना?"

"मी? मला काय माहीत होतं?"

इथे थांबले असते तर? नुसती खोटारडी ठरले असते. पण यांची नजर माझ्या तोंडावरून हलेना — आणि मी म्हणाले, "ते गोपाळराव मात्र जिन्यात विचारत होते हं, साहेब गुरुवारीच निघतात ना, म्हणून."

असं त्यांनी कधीही विचारलं नव्हतं. कधीही नाही.

यांनी ते वर सांगितलं. चौकशी झाली. सिद्ध काहीच झालं नाही, पण गोपाळरावांची होऊ घातलेली बढती गेली आणि त्यांना मोडीत काढलेल्या सामानाच्या गोदामात बसवलं. इमारतीत त्यांच्याशी बोलणं बंद झालं. एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"अक्का, साहेबांस सांगा, मी कोणापाशीं बोललों नाहीं."

"सांगते हो," मी म्हटलं. सांगितलं नाही. घाबरले होते म्हणू? यांची नोकरी जाईल वाटलं म्हणू? वाटलं असेलही. पण त्या क्षणी मनात एवढंच होतं — हा माणूस माझ्यावर संशय तर घेत नाही?

पुढे आम्ही पुण्याला आलो. आणि आता खरं ते सांगते, यापेक्षाही वाईट. मी या सगळ्याची गोष्ट केली. "आमच्या खालच्या मजल्यावरचा हेर" — दर दिवाळीला भाचरं हट्टाने ती सांगायला लावतात. गोपाळरावांची मान, त्यांचं अनुनासिक बोलणं, सगळी नक्कल मला छान जमते.

गेल्या दिवाळीतही सांगितली. भाचरं हसून लोळली. हे हसले नाहीत. हातातला लाडू तसाच धरून, तेव्हा जेवताना बघितलं होतं तसेच माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी गोष्ट पुरी केली.