बाबांना थांबवायला आणलेला रेकॉर्ड प्लेअर

बाबा अमरावतीला माझ्याकडे राहायला आले ते दोन लोखंडी पेट्या घेऊन. कपड्यांची पिशवी आठवण करून दिल्यावर गाडीत आली. पेट्यांत रेकॉर्डी होत्या. तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात बाबा झेंडू आणि शेवंती लावायचे, आणि लग्नसराईत लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. फुलं आणि गाणी एकाच बैलगाडीतून मांडवात जायची. त्यामुळे कोणाचं लग्न ठरलं आणि कोणाचं मोडलं, हे गावात सगळ्यात आधी आमच्या घरात कळायचं. नंतर डीजे आले, बाबांचा प्लेअर जळाला, अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगा माळ्यावर गेले. फुलं तेवढी चालू राहिली.

आई गेल्यावर ते गावात एकटेच राहत होते. एक दिवस सकाळी न्हाणीत चक्कर येऊन पडले. चुलतभावाचं घर भिंतीला भिंत लागून आहे, तरी दुपारपर्यंत कोणाला पत्ता नाही. हाड मोडलं नाही हे नशीब. पण सकाळी पडलेला माणूस दुपारी सापडतो, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरेना. मी गेले आणि त्यांना उचलून आणलं म्हणा ना.

आले, पण पाहुण्यासारखे राहायला लागले. चपला दाराकडे तोंड करून ठेवायचे. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलायचे नाहीत, ज्या माणसानं आयुष्यभर आईच्या मिठावर भाष्य केलं त्यानं. आणि रोज संध्याकाळी नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारायचे, की अकोटकडे जायची गाडी कुठून भेटते. नवरा भोळा, तो सांगायचा. मला एकच भीती होती: हे परत जातील, परत पडतील, आणि या वेळी दुपारीही कोणी बघणार नाही. मग माझ्या डोक्यात आलं, पेट्या उघडल्या तर माणूस बसेल. एक रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा.

मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. ध्वनीचा धडा इतक्या वेळा शिकवलाय की पोरांच्या आधी मलाच जांभई येते. पण विकत घ्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की या वस्तूबद्दल मला एवढंच ठाऊक आहे की ती गोल फिरते. बजेट मध्यम होतं. मध्यम म्हणजे आकडा ऐकून नवरा ‘एवढे?’ म्हणेल, पण ताटावरून उठणार नाही.

आधी अमरावतीतलीच दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं मोठ्या अभिमानानं पितळी रंगाचा भोंगा असलेली वस्तू काढून दिली. ड्रॉइंग रूममध्ये फार उठून दिसते म्हणाला, हल्ली सगळे हेच नेतात. भोंगा प्लास्टिकचा होता. रेकॉर्ड कुठे लावायची म्हणून विचारलं, तर त्यानं पेन ड्राइव्हची फट दाखवली. रेकॉर्ड लावायची असते हे त्याच्या गावीही नव्हतं. बाबांनी तो भोंगा बोटानं दाबून पाहिला आणि दुकानदाराकडे अशा नजरेनं बघितलं की मीच त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

मग नवऱ्यानं मोबाइलवर एक लालभडक सूटकेस शोधली. उघडली की आत प्लेअर, स्पीकरसकट, आणि किंमत अशी की ताटावरून उठायचा प्रश्नच नाही. तो त्या रंगावरच भाळला होता. मी मात्र रात्री-बेरात्री वाचून एव्हाना अर्धी तज्ज्ञ झाले होते आणि अर्ध्या तज्ज्ञासारखं चिडचिडं जनावर दुसरं नसतं. त्याला सांगितलं, की या सूटकेशीत सुईचा दाब जास्त असतो आणि तो कमी करायची सोयच नसते. सुई रेकॉर्डीवर वखर फिरवते. आपल्या रेकॉर्डी आधीच वरातींतून गेलेल्या, त्यांच्यात फिरवण्यासारखं उरलंय काय? नवरा म्हणाला, पण दिसते छान. हे त्यानं लग्नाआधी माझ्याबद्दलही म्हटलं होतं म्हणतात, आणि तेव्हाही बाकी काही तपासलं नव्हतं.

तिसरा उमेदवार अकोल्यात सापडला. तिथे माझे नणदोई राहतात. जगात असं एकही यंत्र नाही ज्याबद्दल त्यांना मत नाही. त्यांनी जुन्या सामानाच्या एका दुकानात जपानी प्लेअर हेरून ठेवला होता, आणि असा माल आता बनत नाही हे वाक्य फोनवर इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मी बाबांना घेऊन अकोल्याला गेले. प्लेअर खरंच देखणा होता, जड होता. बाबांनी तो उचलला, टरबूज वाजवतात तसा बोटाच्या पेरानं वाजवला, चकती हातानं फिरवून कान लावला. त्यांचा चेहरा खुलला आणि मी मनातल्या मनात पैसे देऊनही टाकले. मग त्यांनी सुईच्या जागी बोट घातलं. सुई नव्हती. दुकानदार म्हणाला, मिल जाएगी, ढूंढने से मिल जाएगी. कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

“मोटर मस्त हाय,” बाबा म्हणाले. “पन सुई नाई तं हे पोळपाट हाय.”

नणदोईंना ते फार लागलं. त्या दिवशी त्यांच्या घरी जेवताना त्यांनी आम्हाला जपानी लोकांच्या शिस्तीबद्दल इतकं सांगितलं की वरण निवलं. नणंद मला खुणेनं सांगत होती, वाढून घे, हे काही थांबणार नाहीत.

शेवटी नवाच मागवला. दिसायला अगदी साधा, काळा, कोणी भाळेल असा नाही. पण चकती पट्ट्यावर फिरणारी, म्हणजे मोटरची घरघर सुईपर्यंत पोचत नाही. सुईच्या दांड्याला मागे वजन, ते फिरवून दाब हवा तितका ठेवता येतो. सुई झिजली तर ओढून काढायची, नवी बसवायची, आणि ती नवी बाजारात मिळते. आवाज वाढवणारा भाग आतच, त्यामुळे कोणत्याही स्पीकरला, कोणत्याही जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. या शेवटच्या सोयीचं मला विशेष कौतुक होतं. आपल्या पैशाचं चीज झालं असं मी चार जणांना सांगून घेतलं.

खोकं आलं तेव्हा नवऱ्यानं नारळ फोडला, बाबांनी झाकणाला कुंकू लावलं. मी दांडा तोलून वजन बेतानं लावलं, दोन छोटे स्पीकर जोडले आणि बाबांनी पेटीतून काढून दिलेली रेकॉर्ड लावली. आवाज असा स्वच्छ आला की मी स्वतःवरच खूश झाले. बाबा सोफ्याच्या काठावर ताठ बसले, पूर्ण बाजू ऐकली, संपल्यावर मान हलवली आणि म्हणाले, चांगली हाय मशीन. माझ्या भाजीलाही ते असंच चांगली आहे म्हणायचे. मी ते मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लासवरून आले तर सुईच्या डोक्यावर आठ आण्याचं नाणं. जखमेवर लावतात त्या पट्टीनं पक्कं चिकटवलेलं. माझं डोकंच फिरलं. दोन महिने मी सुईचा भार हलका असावा म्हणून नवऱ्याशी भांडले, अकोल्याचं वरण गार खाल्लं, आणि माझ्या बापानं त्यावर नाणं ठेवलं. मी उभ्या उभ्या त्यांचा क्लास घेतला. दाब, घर्षण, झीज, सगळं. त्यांनी एखाद्या गुणी विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं आणि मग समजावलं, की मांडवात असंच करायचं असतं. पोट्टे नाचतात, जमीन हालते, सुई उडते, गाणं तुटते. नाणं ठेवलं की उडत नाही. रेकॉर्ड झिजली तं झिजली, वरात थांबली नाही पाह्यजे. त्यांच्या धंद्यातल्या प्रत्येक माणसाच्या खिशात ते नाणं असायचं म्हणे.

“इथी कोन नाचून राह्यलं, बाबा?” मी विचारलं.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. सोफा, टीव्ही, बंद बाल्कनी.

“तेच तं,” ते म्हणाले. आणि पट्टी सोडवून नाणं खिशात घातलं. “मशीन लय चांगली आनली तू. पन आयकाले कोन हाय?”

“तुमी हाय ना.”

“म्या कधी आयकलं वो बाई? म्या लावत होतो.”

मला रडूही आलं आणि रागही. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. घरी आम्ही पोरंसोरं ऐकत होतो, मांडवातले लोक ऐकत होते, आणि हे पुढची रेकॉर्ड पुसत उभे असायचे. मी गाणं ऐकायला यंत्र आणलं होतं आणि त्या घरात ते एकटेच होते ज्यांना गाणं ऐकायचं नव्हतं.

तरी मी सहजासहजी हार मानली नाही. बिल्डिंगमधल्या चार जणांना चहाला बोलावलं, बाबांना गाणी लावायला सांगितलं. बाबा खुलले, आवाज मांडवाच्या मापानं वाढवला, बाल्कनीचं दार सताड उघडलं. चहा संपायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, की मुलांच्या परीक्षा आहेत, कृपया भान ठेवावं. परीक्षा माझ्याच क्लासच्या होत्या. मीच काढलेल्या.

त्याच आठवड्यात बाबांनी पेट्या बांधल्या, आणि सोबत माझा प्लेअर, त्याच्याच खोक्यात, त्याच्याच थर्माकोलात, असा नीट की कंपनीनंही बांधला नसेल. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडता येतो हे मीच त्यांना सांगून ठेवलं होतं. मी दारात आडवी उभी राहिले. पडलात तर कोणाला कळणार, एवढंच विचारलं. त्याचं उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं. रोज सकाळी भोंगा लावतो, म्हणाले, हळू आवाजात. वाजला तं मी हाय समज. नाई वाजला तं ये.

शेवटी दर्यापूर, अकोट करत मीच त्यांना सोडून आले. माझ्या मांडीवर खोकं होतं, नवरा गाडी चालवत होता आणि बाबा पुढच्या सीटवर बसून त्याला रस्ता सांगत होते, जो त्याला माहीत होता. अमरावतीत महिनाभरात बोलले नसतील इतके त्या वाटेवर बोलले.

मग आमचा नेम ठरला. सकाळची बॅच सुरू व्हायच्या आधी मी चुलतभावाच्या बायकोला, वहिनीला फोन करायची. ती काही न बोलता फोन खिडकीबाहेर धरायची. खंजिरीवरचं भजन, नाहीतर एखादं जुनं लग्नातलं गाणं, मागे कोंबड्या, कोणीतरी बादली आपटलेली. एवढं ऐकलं की माझं काम झालं. मी फोन ठेवायची आणि पोरांना गती आणि वेग शिकवायला जायची. वहिनी सांगायची, की फुलं तोडायला जाणाऱ्या बाया आता जाता जाता फर्माईश करतात आणि काकाजी त्यांच्यावर डाफरून तीच गाणी लावतात.

मागच्या महिन्यात एक दिवस वहिनीनं फोन उचललाच नाही. परत केला, परत नाही. बाबांचा फोन बंद. चुलतभावाचा लागेना. मी क्लासच्या जिन्यात बसले. वर पोरं बेंच ओढत होती, आणि मला न्हाणीतली ओली फरशी दिसत होती, दुसरं काही दिसतच नव्हतं. यंत्र आणलं नसतं तर ते गावी परत गेले नसते, हेच डोक्यात फिरत राहिलं. मी नवऱ्याला गाडी काढायला सांगितली आणि तेवढ्यात वहिनीचा फोन आला. ती फुलं तोडायला गेली होती, फोन घरी राहिला. लाईन नाही सकाळपासून, म्हणाली, काकाजी वट्ट्यावर बसून लाईनमनले शिव्या देऊन राह्यले. आणि तिनं फोन त्यांच्याकडे दिला.

“मेलो वाटलं का तुले?”

“हो,” मी म्हटलं.

“वेडी हाय का? गानं बंद म्हंजे लाईन गेली. मी गेलो तं गानं बंद नाई पडनार. तुया वहिनीले शिकवून ठेवलं म्या, सुई कशी ठेवाची ते. परवा मले ताप होता, उठलोच नाई. तिनंच लावलं ना दिवसभर.”

परवाचं गाणं मी ऐकलं होतं. ऐकून समाधानानं दुसरा कप चहा घेतला होता.

तेव्हापासून मी वहिनीला फोन करत नाही, बाबांनाच करते. मागे भोंगा चालू असतो, त्यामुळे माझं निम्मं त्यांना कळत नाही आणि ते ओरडून बोलतात. मशीन वाजून राह्यली ना, मंग फोन कावून करून राह्यली, असं रोज विचारतात. तुमच्याशी बोलाले, मी सांगते. मग ते उठतात आणि आवाज कमी करतात.