वाल चढला आणि मका मोडला

मंडळी, आज सकाळी परसात गेले तर माझा सगळा मका आडवा पडलेला.

मका, वाल आणि डांगर, म्हणजे लाल भोपळा, मी एकाच दिवशी एकत्र लावले होते. तेव्हा शेजारच्या अक्का म्हणाल्या होत्या, "मका गुडघाले लागू दे, मंग वाल लाव." मी चारचौघींत हसून म्हटलं, "अक्का, मी व्हिडिओ पाहिलाय. तुमचं जुनं झालं आता."

वाल भराभर वाढला आणि त्याच्या ओझ्याने कोवळा मका मोडला.

मी लगेच अक्कांकडे गेले, चूक कबूल केली आणि आता काय करू म्हणून विचारलं.

मेथी निवडता निवडता त्या एवढंच म्हणाल्या, "त्या दिवसपासून मी कोनलेच काही सांगत नही, पोरी."

घरी आले, पण मका उचलायलाही हात होत नाहीये. आपणच गप्प केलेल्या माणसाला पुन्हा बोलतं कसं करायचं? तुम्हाला जमलंय का कधी?