आधी माती उकर

वडीगोद्रीच्या फाट्यावर मी एसटीत चढत होते, तेव्हा चुलते सगळ्यांदेखत बोलले, "पोरगी आभाळ मोजाया चालली म्हणं! अन् रान कोण मोजंल?" लोक खो खो हसले. अण्णा, म्हणजे माझे वडील, चपलेनं माती उकरत राह्यले. मायनं खिडकीतून चटणीची पुरचुंडी आत सारली. "मागं वळून बघू नको," म्हणाली, "गाडी लागती तुला."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आधी पुणे, मंग इंग्लंड. दादा, तिथं मी करते तरी काय, असं तू प्रत्येक फोनवर विचारायचा अन् उत्तराआधीच पावसाचं बोलायचा. तर आता ऐकच.

अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका. अशा शेकडो दीर्घिका एकमेकींना धरून असतात, तो दीर्घिकासमूह. हे समूह विश्वात कुठं दाट, कुठं विरळ, ते आम्ही मोजतो. फोटोत समूह हेरायचा, त्याच्या उजेडावरून अंतर काढायचं, नकाशात एक टिंब ठेवायचं. वर्षानुवर्षं टिंबं. ती सारखी पसरलेली न्हाईत. कुठं जत्रा, तर कुठं कोसच्या कोस शुकशुकाट.

एकदा नकाशात अशी मोठी रिकामी जागा निघाली. आमचे प्रमुख खूश, सगळे चहा घेऊन भोवती जमले. मला मात्र मायचं बाजरीचं रान दिसलं. उगवणीत मधेच रिकामी जागा राह्यली की आपण तिला नांगी म्हणतो. लोक लगेच पाखरांना शिव्या घालतात. माय म्हणायची, "आधी माती उकर. बी पडून मेलं, का तिफणीची नळी तुंबली अन् पडलंच न्हाई, ते बघ. मंग बोल." मी म्हणाले, थांबा, त्या पट्ट्याचे मूळ फोटो काढा. फोटो ढगाळ हवेत घेतलेले, पार फिके निघाले. समूह तिथं होते. आम्हीच नीट बघितलं नव्हतं. बाकीच्या रिकाम्या जागा खऱ्या निघाल्या, तेही सांगते, उगाच शेखी नको.

अण्णा गेले अन् मी गावी आले. दिवसकार्य उरकलं. वारसांत माझं नाव लागलं अन् दादा, तू मला अंबडला रजिस्ट्रीत नेलं, हक्कसोडीवर, म्हणजे रानातला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही करायला. बहिणीनं सही करायची, भावानं साडी घ्यायची, रीतच हाय. साडी तू खरंच छान आणल्ती, मोरपंखी. चुलते बाकड्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "कर बाई. तू इथं हायेस कुठं? तुझी जागा रिकामीच."

माझं डोकं सणकलं. रिकामी? मी अण्णांच्या मागं तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून त्या रानात बी सोडलंय. शेजाऱ्यानं बांध कोरला तेव्हा दादा, तुझ्याआधी मी भांडले. तुम्ही माझ्याकडं बघितलंच न्हाई, म्हणून मी तिथं नव्हते व्हय?

"करणार न्हाई," मी म्हणाले.

तू हात जोडले. "लोक काय म्हणतील?" तेवढ्यात सोबत आलेली माय बोलली. तिनं कुंभार पिंपळगावच्या माहेरची सही कधीच देऊन टाकल्ती. "मलाबी साडी भेटल्ती," ती म्हणाली. "तिची गोधडी झाली, गोधडी फाटली. आता तिकडं गेले की पाव्हणी म्हणून पाट मांडतेत." अन् उठून एसटीकडं चालायला लागली. मी साडी घेतली अन् तिच्या मागं निघाले. सही तशीच राह्यली.

माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरींनो, तुम्हालाही कुणी प्रेमानं साडी आणंल. साडी खुशाल नेसा. पुढचं आपलं आपण ठरवा.

दादा, तू अजून धड बोलत न्हाईस. नको बोलू. रान तूच कस, पीक सगळं तुझंच, दाणाही मागणार न्हाई. पण सातबाऱ्यावर माझं नाव राहील. इथं इंग्लंडात कुणी विचारलं, घर कुठं, तर मी वडीगोद्री सांगते, अन् आता आवाज खाली जात न्हाई. माझं बी तिथं पडलंय. न्हाई वाटत, तर उकरून बघा.