नर्सबाईंच्या माफ्या

सिंधुदुर्ग जिल्ह्यात आजवर जेवढ्या माफ्या मागितल्या गेल्या असतील, त्यातल्या निम्म्या एकट्या आमच्या घरमालकीणबाईंनी मागितल्या असाव्यात. उरलेल्या निम्म्या, त्यांच्या माफीमुळे जी भांडणं झाली त्यानंतर इतरांनी. मी मालवणच्या बाजूला एका हायस्कुलात शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. आरोग्य केंद्रातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण सगळा गाव त्यांना अजून नर्सबाईच म्हणायचा. त्यांची जीभ इंजेक्शनच्या सुईसारखी होती, आणि श्रद्धा त्याहून धारदार. आपल्यावर कुणाचा राग असेल तर आधी त्याच्याशी समेट कर आणि मग वेदीपाशी ये, असं प्रभूनं सांगितलंय. बाकीचे ख्रिस्ती हे वाक्य ऐकतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन जेवतात. नर्सबाई मात्र रविवारच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, तयारी म्हणून दर शनिवारी दुपारी छत्री घेऊन गावभर माफ्या मागत फिरायच्या.

यात काही वावगं नव्हतं. अडचण एवढीच, की समोरच्याला माहीतच नसलेल्या अपराधांचीही त्या माफी मागायच्या. मी राहायला येऊन आठ दिवस झाले होते. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तरणी, मी तुका मनात घमेंडखोर म्हटलंय. आठ दिवसांत एकदाय चाय पिऊक इलंस नाय म्हणान. माफ कर." मी माफ केलं आणि पुढचे दोन दिवस धुसफुसत राहिले. एकदा तर त्यांनी नाक्यावर एसटी थांबवून कंडक्टरला खाली बोलावलं. "मंगळवारी मी हात केलंय, तू बस थांबवलंस नाय. तेवा मी तुका रेडो म्हटलंय."

"माका ऐकाक येवक नाय, मावशी."

"येतला कसा? मनात म्हटलंय."

सगळी बस हसायला लागली. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "माका काय म्हटलंत ता पण आत्ताच सांगा, म्हंजे परत थांबूक नको." त्यालाही काहीतरी म्हटलेलं होतंच. तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. फादरांनी त्यांना एकदा हळूच सुचवलं होतं, की मनातलं सगळंच बाहेर काढायची गरज नसते, देवाला ते कळतं. त्यावर त्या म्हणाल्या, "देवाक कळता ओ फादर, पण रेडो देवाक म्हणाक नाय, कंडक्टराक म्हटलंय."

उपवासाचा काळ आला की गावाला धडकी भरायची. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस बहुतेक घरांत मटण बंद असायचं, मासे चालायचे. नर्सबाईंना हा सरळसरळ लबाडपणा वाटायचा. "मटण सोडून सुरमय खायची, ह्येका त्याग म्हणतत? मालवणात?" म्हणून त्या मासेच सोडायच्या. पहिले चार दिवस चेहऱ्यावर संताची शांती. पाचव्या दिवशी मासेवालीनं दारात टोपली उतरवली, वरचं ओलं फडकं बाजूला केलं, की ती शांती संपायची. त्या टोपलीतल्या बांगड्यांकडे बघायच्या, मासेवालीकडे बघायच्या, आणि दोघांनाही घालूनपाडून बोलायच्या. चाळीस दिवसांत राग चौपट, म्हणून शनिवारच्या माफ्याही चौपट. मासेवाली मला म्हणाली होती, "हेंका मासे खाऊक सांग गो. तुका सगळ्या गावाचा पुण्य लागतला."

पण एका घरापुढे ही छत्री कधी थांबायची नाही. आमच्या परसापलीकडे, फणसाच्या झाडाच्या त्या बाजूला, त्यांची थोरली जाऊ एकटीच राहायची. दोघी विधवा, दोघींची मुलं मुंबईकडे, मध्ये चिऱ्याचा कमरेएवढा गडगा, आणि अकरा वर्षांचा अबोला. नर्सबाई तिचं नावही घेत नसत, 'पल्याडची' म्हणत. एकदा चहा पिताना मी विचारलं, तेव्हा कप खाली ठेवून त्यांनी सांगितलं. सासू पल्याडच्या घरात वारली, त्या दिवशी तिथला ओटा माणसांनी भरलेला होता. त्या सगळ्यांसमोर थोरली म्हणाली होती, घरात नर्स असूनही म्हातारी मेली. "तीन म्हयने मी म्हातारेक उचलून न्हाणलंय," नर्सबाई म्हणाल्या. "गाळी दिल्ली आसती तर सोडलंय आसतंय. माझ्या हातांका बोलली ती." मग कप पुन्हा उचलून, "माफी मागूक माका कायच वाटणा नाय, मास्तरणी. माफ करूक जमणा नाय." संध्याकाळच्या जपमाळेत अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की त्यांना नेमका खोकला का येतो, ते मला त्या दिवशी कळलं.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर मासेवालीनंच बातमी आणली. खाडीत कालवं काढायला गेलेल्या थोरलीच्या पायाला शिंपल्याची धार लागली होती. तिला साखरेचा आजार. जखम तिनं पंधरा दिवस हळद लावून लपवली होती. नर्सबाई भाजी चिरत होत्या. विळी थांबली. मला म्हणाल्या, "तू जा. सहज गेल्यासारखी जा. वास येता काय बघ. करंगळी काळी पडली काय बघ." मी गेले, बघितलं, परत येऊन सांगितलं. वास येत होता. करंगळी काळी होती. नर्सबाईंनी प्रभूच्या तसबिरीकडे अशा नजरेनं बघितलं की जणू हा सगळा बेत त्याचाच असावा, मग कपाटातून जुना पत्र्याचा डबा काढला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा गडग्याच्या पलीकडे गेल्या. त्याच दुपारी रिक्षा बोलावून त्यांनी जावेला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. करंगळी काढावी लागली, पाय वाचला.

त्यानंतर रोज सकाळी आठ वाजता ड्रेसिंग. पहिले कित्येक दिवस दोघींमध्ये "पाय", "वर", "हालू नको" यापलीकडे शब्द नव्हता. मग एके दिवशी थोरली म्हणाली, "गाठ घट्ट झाली गो." नर्सबाईंनी सैल केली. घरी येऊन मला म्हणाल्या, "गो म्हणाली." आणि दिवसभर कुणावरही रागावल्या नाहीत.

महिन्याभरानं एका शनिवारी त्यांनी मिस्साची साडी नेसली आणि मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. जाऊ ओट्यावर पाय पसरून बसली होती. नर्सबाई तिच्यासमोर ताठ उभ्या राहिल्या. "म्हातारी गेली त्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हटलंस, घरात नर्स आसान म्हातारी मेली. ता मी आज तुका माफ केलंय."

थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली. "मी म्हटलंय? खंय?"

"हय. ह्याच ओट्यार."

"माका आठवणा नाय गो," ती खरोखरच गोंधळून म्हणाली. "मी समजत होतंय, तू त्या फणसाच्या वाटणीवरसून बोलणस नाय."

नर्सबाई वळल्या आणि चालू लागल्या. घरी येऊन स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. "अकरा वर्सां," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सां मी आतून जळलंय, आणि हिका आठवणा नाय. तिना माफी मागली आसती तर दिल्लंय आसतंय. भांडली आसती तरी दिल्लंय आसतंय. आता मी माफ करू तरी काय?" त्यांना इतकं दमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या शनिवारी गावात कुणाचीच माफी मागितली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्साची घंटा झाली तरी त्या पाटावरच होत्या, जुन्या साडीत. घड्याळात आठ वाजायला आले तसं त्यांनी डब्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं, पुन्हा पाहिलं. "देवळात गेलंय नाय तर देव काय मरणा नाय," त्या शेवटी पुटपुटल्या, "पण पाय सडतलो." आणि डबा उचलला. मीही मागोमाग गेले.

थोरलीनं पट्टी स्वतःच सोडून ठेवली होती. डोळे सुजलेले. नर्सबाई खाली बसल्यावर म्हणाली, "मी लय आठवून बघितलंय. आठवला नाय. पण तू कधी खोटा बोलणस नाय. कंडक्टराक मनातला पण सांगतस. म्हंजे मी म्हटलाच आसतलंय. चुकला गो माझा."

नर्सबाईंनी जखम पुसली, मलम लावलं, पट्टी गुंडाळली आणि गाठ मारली. गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. चाळीस वर्षं डोळे मिटून गाठी मारलेल्या त्या हातांना त्या दिवशी साधी गाठ जमेना. शेवटी थोरलीनं वाकून टोकावर बोट दाबून धरलं, तेव्हा ती बसली. "पाय वर घेऊन बस," नर्सबाई म्हणाल्या. "मी चाय करतंय. साखर नाय मिळाची तुका." आणि अकरा वर्षांपूर्वी जिथून बाहेर पडल्या होत्या, त्या स्वयंपाकघरात डबे कुठे आहेत हे न विचारता गेल्या.

पुढे माझी बदली वैभववाडीला झाली. इथं समोर डोंगर आहे, माणसं चांगली आहेत, आणि माझ्याविषयी मनात काय येतं ते कुणी मला येऊन सांगत नाही. गेल्या मे महिन्यात दोन दिवस त्यांच्याकडे राहून आले. नर्सबाई थकल्यात. कानानं कमी ऐकू येतं, चालताना भिंतीला हात लावतात. सकाळी आठ वाजता डबा घेऊन निघाल्या, तेव्हा मी विचारलं, जखम अजून भरली नाही का? त्यांना ऐकू आलं नसावं. मी गडग्यापाशी उभी राहून बघत होते. थोरलीनं ओट्यावर पाय पुढे केला. त्याच्यावर आता फक्त एक पांढरी रेघ होती, वर्षभरापूर्वीच भरलेली. नर्सबाईंनी चष्मा पुसला, पाय मांडीवर घेतला, करंगळीच्या रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला.

"बरो आसा," त्या म्हणाल्या.

"उद्या येतलंस?" थोरलीनं विचारलं.

"बघूक नको?" नर्सबाई म्हणाल्या, आणि डबा न उघडताच बाजूला ठेवून तिच्याशेजारी टेकल्या.